ब्लॅकजॅक: बेसिक स्ट्रॅटेजी आणि पत्ते मोजणे – नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसिक स्ट्रॅटेजी म्हणजे नेमके काय?

ब्लॅकजॅकमध्ये पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा, म्हणजे कसिनोतर्फे पत्ते वाटून खेळणाऱ्यापेक्षा, जास्त करायची असते. एक्का १ किंवा ११ धरतात, आणि २१ ओलांडले की हात फुटला. बेसिक स्ट्रॅटेजी म्हणजे तुमचे पत्ते आणि डीलरचा एक उघडा पत्ता, एवढे दिसत असताना कोणती चाल सरासरीने सर्वांत फायद्याची किंवा सर्वांत कमी तोट्याची, याचे गणिताने काढलेले उत्तर. त्यात अंदाज नाही आणि कुणाचा अनुभवही नाही. अमेरिकी लष्करातल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी मेजावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड केली आणि १९५६ साली ती एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात छापली. पुढे एडवर्ड थॉर्प यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या आयबीएम ७०४ संगणकावर हे गणित तपासले, पुढे नेले, आणि १९६२ साली पत्ते मोजण्याची पद्धत पुस्तकातून लोकांपुढे ठेवली.

चांगल्या नियमांच्या टेबलावर बेसिक स्ट्रॅटेजी अचूक खेळली तर कसिनोची सरशी अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. म्हणजे एकूण १,००,००० रुपयांच्या बेट (पैजा) लावल्या तर सरासरी ५०० रुपये जातात. मनाला वाटेल तसे खेळणाऱ्याचे याच्या चौपट किंवा त्याहून जास्त जातात. पण नुसत्या बेसिक स्ट्रॅटेजीने तुम्ही जिंकणाऱ्या बाजूला येत नाही, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात असू द्या.

टेबलावर बसण्याआधी काय पाहायचे?

ब्लॅकजॅकला किती देतात, हे सर्वांत आधी. एक्का आणि दहाचा पत्ता (दश्शी किंवा चित्र) पहिल्या दोनांतच आला, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर १,००० रुपयांच्या बेटवर ३:२ च्या टेबलावर १,५०० मिळतात, ६:५ च्या टेबलावर १,२००. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, त्यामुळे हा एकच नियम कसिनोची सरशी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढवतो. बेसिक स्ट्रॅटेजी शिकून जे कमावले ते सगळे इथे परत जाते. ६:५ च्या टेबलावर बसू नका, मग बाकीचे नियम कितीही गोड असोत.

नंतर डीलर सॉफ्ट १७ वर काय करतो ते पाहा. एक्का ११ धरूनही एकवीस ओलांडले जात नाही अशा हाताला सॉफ्ट म्हणतात. एक्का-छक्की म्हणजे सॉफ्ट १७. डीलर तिथे थांबत असेल तर तुमच्या फायद्याचे. पत्ता घेत असेल तर सुमारे ०.२ टक्के नुकसान. बहुतेक टेबलांवर हे कापडावरच छापलेले असते. स्प्लिटनंतर (जोडी फोडून दोन हात केल्यावर) डबल (बेट दुप्पट करून एकच पत्ता घेणे) करता येते का, सरेंडर (अर्धी बेट देऊन हात सोडणे) आहे का, हे डीलरला सरळ विचारा. विचारण्यात काही वावगे नाही.

सगळा तक्ता शब्दांत सांगाल का?

हा तक्ता चार ते आठ कॅटांचा शू (पत्ते ज्यातून वाटतात तो डबा), डीलर सॉफ्ट १७ वर थांबतो, स्प्लिटनंतर डबलला परवानगी, आणि डीलर स्वतःचा ब्लॅकजॅक आधीच तपासतो, अशा टेबलासाठी आहे. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी या सगळ्यांना इथे ‘दहा’ म्हटले आहे.

हार्ड हात (सॉफ्ट नसलेले):
- ८ किंवा कमी: पत्ता घ्या.
- ९: डीलरचा ३ ते ६ असेल तर डबल, नाहीतर पत्ता.
- १०: २ ते ९ समोर डबल, नाहीतर पत्ता.
- ११: २ ते १० समोर डबल, एक्क्यासमोर पत्ता.
- १२: ४ ते ६ समोर थांबा, नाहीतर पत्ता.
- १३ ते १६: २ ते ६ समोर थांबा, ७ पासून एक्क्यापर्यंत पत्ता.
- १७ आणि वर: थांबा.

सॉफ्ट हात:
- एक्का-२, एक्का-३: ५ आणि ६ समोर डबल, एरवी पत्ता.
- एक्का-४, एक्का-५: ४ ते ६ समोर डबल, एरवी पत्ता.
- एक्का-६: ३ ते ६ समोर डबल, एरवी पत्ता. इथे कधीच थांबायचे नाही.
- एक्का-७: ३ ते ६ समोर डबल, २, ७, ८ समोर थांबा, ९, १० आणि एक्क्यासमोर पत्ता.
- एक्का-८, एक्का-९: थांबा.

जोड्या:
- एक्के आणि अठ्ठ्या: नेहमी स्प्लिट.
- दुर्र्या, तिर्र्या, सत्त्या: २ ते ७ समोर स्प्लिट.
- चव्व्या: फक्त ५ आणि ६ समोर.
- पंज्या: कधीच नाही, तो १० चा हात समजा.
- छक्क्या: २ ते ६ समोर.
- नव्व्या: २ ते ६, ८ आणि ९ समोर स्प्लिट, ७, १० आणि एक्क्यासमोर थांबा.
- दहा-दहा: कधीच नाही.

सरेंडर असेल तर हार्ड १६ (अठ्ठ्यांची जोडी सोडून) ९, १० आणि एक्क्यासमोर, आणि १५ फक्त १० समोर सोडून द्या. तीन पत्त्यांनंतर डबल करता येत नाही. अशा वेळी, तक्त्यात डबल सांगितले असेल तिथे, सॉफ्ट १८ किंवा १९ वर थांबा आणि बाकी ठिकाणी पत्ता घ्या.

डीलर सॉफ्ट १७ वर पत्ता घेत असेल तर मुख्य बदल तीन: ११ एक्क्यासमोरही डबल, एक्का-७ दुर्रीसमोरही डबल, एक्का-८ छक्कीसमोर डबल.

काही ठिकाणी डीलर दुसरा पत्ता सगळ्यांचे खेळून झाल्यावरच घेतो, आणि त्याला ब्लॅकजॅक लागला तर तुमच्या डबल-स्प्लिटच्या वाढीव बेटही उचलतो. तिथे ११ दहासमोर डबल करू नका, अठ्ठ्या दहा आणि एक्क्यासमोर फोडू नका, एक्के एक्क्यासमोर फोडू नका. तिन्ही ठिकाणी नुसता पत्ता घ्या.

हे पाठ कसे करायचे? एवढे डोक्यात राहत नाही.

कारण समजले की निम्मे आपोआप राहते. डीलरला १६ पर्यंत पत्ता घ्यावाच लागतो. पंजी किंवा छक्की उघडी असेल तर तो साधारण ४२ टक्के वेळा फुटतो. सत्तीला हे प्रमाण २६ टक्क्यांवर येते आणि दहाला आणखी खाली. म्हणून लहान पत्त्यासमोर आपण फुटायचा धोका घेत नाही आणि पैसे वाढवतो, मोठ्या पत्त्यासमोर १७ गाठायचा प्रयत्न करतो.

क्रम असा ठेवा: आधी हार्ड हात, ते न अडखळता आले की जोड्या, शेवटी सॉफ्ट. घरी कॅट घेऊन डीलरचा एक पत्ता मांडा आणि वरून दोन-दोन पत्ते टाकत मोठ्याने उत्तर म्हणा. चुकलेली जोडी बाजूला काढा आणि दिवसाच्या शेवटी फक्त तेवढ्याच पुन्हा घ्या. लोक सर्वाधिक चुकतात ते एक्का-७, १२ समोर २ किंवा ३, आणि नव्व्यांची जोडी यांवर. एक्का-७ म्हणजे अठरा, चांगला हात वाटतो, पण डीलरच्या नव्वीसमोर तो सरासरीने हरणारा हात आहे. पत्ता घेतल्याने तो फुटत नाही, सुधारायची संधी मात्र मिळते.

बहुतेक कसिनोंत छापील तक्ता टेबलावर पाहू देतात. फोन पाहू देत नाहीत.

१६ समोर १०. पत्ता घेतला तरी हरतो, थांबलो तरी हरतो. मग फरक काय?

फार थोडा. दोन्हींत दर १०० रुपयांमागे सरासरी ५४ च्या जवळपास जातात. पत्ता घेण्यात काही पैसे वाचतात एवढेच. सरेंडर केले तर ५० जातात, म्हणून ते उत्तम. आणि हा १६ अठ्ठ्यांच्या जोडीचा असेल तर फोडल्यावर तोटा ४८ पर्यंत येतो. अठ्ठ्या जिंकण्यासाठी फोडत नाहीत, कमी हरण्यासाठी फोडतात. बेसिक स्ट्रॅटेजीत असे बरेच हात आहेत. एका डावाच्या निकालावरून चाल बरोबर की चूक ठरवायला लागलात तर तक्ता कधीच अंगी बाणणार नाही.

इन्शुरन्स घ्यावा का? ‘इव्हन मनी’ तर फुकटचेच आहे ना?

मोजत नसाल तर कधीच घेऊ नका. इन्शुरन्स ही डीलरचा झाकलेला पत्ता दहाचा आहे की नाही, यावरची वेगळी पैज आहे. सहा कॅटांत ३१२ पत्ते. डीलरचा एक्का दिसला, उरले ३११. त्यांत दहाचे ९६, बाकीचे २१५. जिंकल्यावर दुप्पट मिळते: ९६ × २ = १९२, आणि हरण्याच्या बाजूला २१५. दर १०० रुपयांमागे सुमारे ७.४ रुपये तोटा.

इव्हन मनी हा इन्शुरन्सचाच दुसरा चेहरा. तुमच्या हातात ब्लॅकजॅक आणि समोर एक्का असताना १०० घेऊन मोकळे व्हा म्हणतात; नाही म्हटले तर सरासरी जवळजवळ १०४ येतात.

शेवटच्या खुर्चीवरचा चुकीचे खेळला की सगळ्यांचे नुकसान होते का?

नाही. त्याने घेतलेला पत्ता डीलरला फोडणारा असण्याची शक्यता जेवढी, तेवढीच तारणारा असण्याची. लक्षात राहतात ते फक्त नुकसानीचे डाव. त्याच्याशी वाद घालू नका.

हरल्यावर बेट दुप्पट करत गेलो तर कधीतरी सगळे वसूल होईल ना?

५०० पासून सुरुवात करून सलग सात डाव हरलात तर ६३,५०० रुपये गेलेले असतात आणि आठवी बेट ६४,००० ची लागते. तोवर टेबलाची कमाल मर्यादा किंवा तुमचा खिसा, दोहोंपैकी एक संपतो. बेटचा आकार बदलल्याने प्रत्येक रुपयावरची कसिनोची सरशी बदलत नाही. ती बदलते फक्त शूमध्ये कोणते पत्ते उरले आहेत यावर, आणि तिथूनच मोजणी सुरू होते.

पत्ते मोजायला जबरदस्त स्मरणशक्ती लागते का?

लागत नाही. कोणता पत्ता गेला हे कुणीच लक्षात ठेवत नाही. डोक्यात एकच आकडा वरखाली होतो. मेंढीकोटात किंवा ब्रिजमध्ये कोणाकडे काय उरले हे लक्षात ठेवणाऱ्याला हे उलट सोपे जाते.

सर्वांत रुळलेली पद्धत हाय-लो, हार्वी डब्नर यांनी १९६३ साली मांडलेली. २ ते ६ दिसला की +१. ७, ८, ९ ला शून्य. दहाचे सगळे आणि एक्का, −१. एका कॅटात अधिकचे २० पत्ते, उण्याचे २०. म्हणून पूर्ण कॅट मोजल्यावर शून्यच यायला हवे.

लहान पत्ते निघून गेले की उरलेल्या शूमध्ये दहा आणि एक्के दाट होतात. ब्लॅकजॅक डीलरलाही तेवढेच लागतात, पण दीडपट फक्त तुम्हाला मिळते. तुम्ही १२-१६ वर थांबू शकता, डीलरला घ्यावाच लागतो आणि तो जास्त फुटतो. ११ वरच्या डबलवर दहा जास्त वेळा पडतो. पुढचा पत्ता कोणता, हे मोजणाऱ्याला कधीच कळत नाही.

रनिंग काउंट आणि ट्रू काउंट यांत काय फरक?

शू सुरू झाल्यापासूनची बेरीज म्हणजे रनिंग काउंट. तो उरलेल्या कॅटांनी भागला की ट्रू काउंट. रनिंग +६ असताना चार कॅट उरले असतील तर ट्रू फक्त +१.५, दीडच कॅट उरला असेल तर तोच +६ म्हणजे ट्रू +४. पहिल्यात काही विशेष नाही, दुसऱ्यात पैसे लावायची वेळ आहे. नवशिके हा भागाकार टाळतात आणि शूच्या सुरुवातीलाच मोठ्या बेट लावून बसतात.

उरलेले कॅट मोजायचे ते खेळून झालेल्या पत्त्यांच्या ट्रेकडे पाहून. घरी २६, ५२, ७८, १०४ पत्त्यांचे गठ्ठे करून ठेवा आणि येता-जाता बघत राहा. आठवड्याभरात नजरेला अर्ध्या कॅटाचा फरक कळू लागतो.

ट्रू काउंट एकाने वाढला की साधारण अर्धा टक्का तुमच्या बाजूला सरकतो. म्हणून चांगल्या नियमांच्या सहा-कॅटी टेबलावर +१ ला बरोबरी, +२ ला सुमारे अर्धा टक्का तुमची सरशी, +३ ला एक टक्का.

सराव कोणत्या क्रमाने?

१. एक कॅट हातात घेऊन एकेक पत्ता उलटा आणि मोजा. वेग नको, शेवटी शून्य यायला हवे.

२. दोन-दोन पत्ते उलटा. राजा आणि पंजी एकत्र दिसले की शून्य, पुढे चला. ही जोड्या रद्द करायची सवय लागली की वेग आपोआप येतो.

३. न पाहता एक पत्ता काढून ठेवा आणि उरलेले ५१ मोजा. +१ आले तर झाकलेला दहा किंवा एक्का, −१ आले तर २ ते ६, शून्य आले तर ७-८-९. उलटून पडताळा. एक कॅट ३० सेकंदांच्या आत, सलग दहा वेळा बिनचूक, एवढे आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. टीव्ही लावून किंवा कुणाला तुमच्याशी बोलायला सांगून मोजा. टेबलावर गणित चुकत नाही, लक्ष तुटते. वेट्रेस काही विचारते, डीलर सुटे देतो, आणि आकडा +७ होता की −७ हेच आठवत नाही.

५. शेवटी सगळे एकत्र: पैसे देणे-घेणे, बेसिक स्ट्रॅटेजी, मोजणी, भागाकार. स्ट्रॅटेजीसाठी विचार करावा लागत असेल तर पहिल्या पायरीवर नव्हे, तक्त्यावर परत जा.

बेट किती वाढवायची, आणि खेळ कधी बदलायचा?

शू-गेममध्ये नमुन्यादाखल: ट्रू +१ पर्यंत एक युनिट (म्हणजे तुमची किमान बेट), +२ ला चार, +३ ला सहा, +४ ला आठ, +५ आणि वर दहा ते बारा. शंभर डावांतले बहुतेक एका युनिटचेच असतात. कंटाळा येतो, आणि तो सोसणे हा कौशल्याचाच भाग आहे.

चाली बदलण्याचे आकडेही आहेत. डॉन श्लेसिंजर यांनी त्यांतले सर्वांत कामाचे अठरा निवडले. नवशिक्याला चार पुरेत. +३ पासून इन्शुरन्स घ्या. १६ समोर १० असताना काउंट शून्याच्या वर असला की थांबा. १५ समोर १० असताना +४ ला थांबा. १२ समोर ३ असताना +२ ला थांबा. यांत सर्वांत मोलाचा इन्शुरन्सचा.

मोजणी कुठे निरुपयोगी?

पत्ते सतत पिसणारे यंत्र असेल तिथे. वापरलेले पत्ते लगेच आत जातात, त्यामुळे मोजायला काही उरतच नाही. शू अर्ध्यातच पिसत असतील तरी तेच. सहापैकी निदान साडेचार कॅट खेळले जायला हवेत. आणि ६:५ चे टेबल, अर्थात.

हे बेकायदेशीर आहे का?

लास वेगासच्या नेवाडा राज्यात मनातल्या मनात मोजणे गुन्हा नाही. यंत्र, फोन किंवा कुठलेही साधन वापरणे मात्र १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे. कसिनो तुम्हाला ‘ब्लॅकजॅक खेळू नका’ म्हणू शकतो. म्हटले तर चिप्स वठवून शांतपणे निघा. न्यू जर्सीत केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूने खटला भरला आणि १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अटलांटिक सिटीच्या कसिनोंना निव्वळ मोजतो म्हणून खेळाडूला हाकलता येणार नाही असा निकाल दिला. तिथे ते लवकर पिसतात आणि बेट मर्यादित करतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या राज्याचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

यातून किती मिळते?

चांगल्या शू-गेममध्ये एक ते बारा स्प्रेडने (सर्वांत लहान ते सर्वांत मोठ्या बेटचे प्रमाण) शंभर डावांमागे एक-दोन किमान बेट एवढा सरासरी फायदा अपेक्षित असतो, आणि प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीच्या वरखाली किती हलतो ते, तीस युनिटच्या आसपास. फायदा १.५ धरा. सरासरी फायदा विचलनाएवढा व्हायला (३० ÷ १.५)² = ४०० वेळा शंभर डाव, म्हणजे ४०,००० डाव लागतात. तासाला ८० डाव पकडले तर ५०० तास. एवढे करूनही, सगळे अचूक खेळणाऱ्या शंभरातले सोळा जण तोट्यातच असतील. म्हणून किमान बेटच्या हजारपट रक्कम वेगळी काढलेली हवी, आणि ती भाड्याची, हप्त्याची किंवा उधारीची नसावी.

गेलेले वसूल करण्यासाठी खेळावेसे वाटू लागले, घरी रक्कम लपवली जाऊ लागली, तर सराव तिथेच थांबवा आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येते.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात हे करता येईल का?

महाराष्ट्रात कायदेशीर कसिनो नाही. १९७६ चा कसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आहे. पैसे नसलेली सराव-ॲप वापरा.

गोव्यात डीलरसह टेबले मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर असतात. प्रवेशाचे वय २१, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना आत खेळायला बंदी आहे. बाहेरून जाणाऱ्याने आधी पिसण्याचे यंत्र, ब्लॅकजॅकचा भाव आणि डीलर दुसरा पत्ता कधी घेतो हे पाहावे, वरच्या तक्त्यात त्याप्रमाणे बदल करावा आणि किमान बेट लावून खेळावे.

मोजणी करून कमवायचा विचार भारतात करापाशीच अडतो. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर लागतो, वर अधिभार आणि उपकर. आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून कसिनोंवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे; तो चिप्स घेताना तुमच्याकडून कसा धरला जातो ते गल्ल्यावर विचारून घ्या. एक टक्क्याची सरशी यापुढे टिकत नाही.